वेदी कुणा एकाची नव्हे

कॅथलिक माणूस चर्चमध्ये शिरतो तेव्हा दाराशी ठेवलेल्या पवित्र पाण्यात बोटे बुडवून क्रुसाची खूण करतो, बाकाशी पोहोचल्यावर उजवा गुडघा जमिनीला टेकवतो आणि मगच बसतो. पाहणाऱ्याला वाटते, हे नमन समोरच्या क्रुसाला किंवा संतांच्या पुतळ्यांना असावे. तसे नाही. वेदीजवळ किंवा बाजूच्या एखाद्या छोट्या गाभाऱ्यात एक कुलूपबंद पेटी असते, तिला टॅबरनॅकल म्हणतात. मिस्सामध्ये, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत, पवित्र केलेली भाकर तिच्यात ठेवलेली असते आणि ती तिथे आहे हे कळावे म्हणून शेजारी अखंड दिवा जळतो. ती भाकर म्हणजे साक्षात ख्रिस्त, अशी कॅथलिकांची श्रद्धा आहे. गुडघा टेकतो तो त्याच्यापुढे. नुसत्या वेदीला कंबरेतून वाकून नमन करतात. येशूचे, मारियेचे किंवा त्या दिवशीच्या संताचे नाव आले की मान लववतात. क्रुसापुढे गुडघा टेकायचा तो फक्त गुड फ्रायडेच्या क्रूसवंदनेपासून ईस्टरच्या जागरणविधीपर्यंत.

हे सारे लिहून ठेवलेले आहे. मिस्साग्रंथाच्या आरंभी जी लांबलचक सूचनावली छापलेली असते तिच्यात उभे कधी राहायचे, बसायचे कधी, गप्प कधी राहायचे, इथपासून पवित्र ओस्ती, म्हणजे ती भाकर, जमिनीवर पडली तर काय करायचे इथपर्यंत तपशील आहेत. प्याल्यातले ख्रिस्तरक्त, म्हणजे पवित्र केलेला द्राक्षारस, सांडले तर ती जागा पाण्याने धुवायची आणि ते पाणीसुद्धा कुठेही ओतायचे नाही, त्यासाठी ठेवलेल्या खास कुंडातच ओतायचे. एखाद्या बाहेरच्या माणसाला हे वाचून आश्चर्य वाटेल, कदाचित गुदमरल्यासारखेही होईल. भक्ती मनातली असेल तर गुडघ्याला, हाताला, मानेला एवढे नियम कशासाठी? हे पुस्तक या प्रश्नाने सुरू होते. पण त्याच्या पाठोपाठ येणारा दुसरा प्रश्न मला अधिक अवघड वाटतो आणि गेल्या साठ वर्षांत ख्रिस्तसभेला त्यानेच अधिक पोळले आहे. माझी श्रद्धा नियमापेक्षा मोठी आहे असे मला मनापासून वाटत असेल, तर वेदीसमोर मी नियम मोडावा का?

उत्तराची सुरुवात मिस्साच्या मुळाशी जाऊन करावी लागते. ज्या रात्री अटक झाली त्याच रात्री, अटकेआधी, येशूने शिष्यांबरोबर भोजन घेतले, भाकर मोडून दिली, प्याला दिला आणि आपल्या स्मरणासाठी हे करत राहा असे सांगितले. मिस्सा ही त्या सांगण्याची अंमलबजावणी आहे. कुणा भक्ताला सुचलेली ती पूजा नाही. म्हणजे कॅथलिक उपासनेत आज्ञापालन नंतर येऊन चिकटलेले नाही, उपासनाच आज्ञेतून जन्मलेली आहे. ज्याची आठवण करायची तो स्वतः मरणापर्यंत आज्ञांकित राहिला, असे संत पौलाने फिलिप्पैकरांना लिहिले. त्याच पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात मिस्सामधल्या अनादराविषयीची सर्वांत जुनी तक्रार सापडते. ती तक्रार कुणी कसा उभा राहिला याविषयी नाही. प्रभुभोजनासाठी जमल्यावर सुखवस्तू लोक आपापले आधीच खाऊन घेत आणि गरीब उपाशी राहत. हा प्रभूच्या शरीराचा अपमान आहे, असे पौल बजावतो. आदराविषयी बोलणाऱ्या प्रत्येकाने हा उतारा आधी वाचावा असे मला वाटते. वेदीसमोर गुडघा टेकणारा आणि शेजारच्या बाकावरच्या माणसाला तुच्छ लेखणारा, अशा माणसाला पौलाच्या लेखी श्रद्धाळू म्हणता येणार नाही.

शरीराने कसे वागावे याचे नियम मात्र बदलत आले आहेत, आणि ते कसे बदलले हे माहीत नसल्यामुळेच पुष्कळ भांडणे होतात. गुडघे टेकणे हीच सनातन कॅथलिक रीत, असे मानणाऱ्यांना ३२५ सालच्या निकाया धर्मपरिषदेचा विसावा नियम ठाऊक नसतो. रविवारी आणि ईस्टरनंतरच्या पन्नास दिवसांत कुणी गुडघे टेकू नयेत, उभ्याने प्रार्थना करावी, असा तो नियम आहे. ख्रिस्त मेलेल्यांतून उठला, म्हणून त्याचे लोकही उभे राहतात. पूर्वेकडच्या ख्रिस्तसभांमध्ये रविवारच्या उपासनेत उभे राहण्याला आजही तेच मोल आहे. कम्युनियन, म्हणजे ती पवित्र भाकर, हातावर घेणे हा आधुनिक ढिलेपणा, असे म्हणणाऱ्यांनी चौथ्या शतकातल्या जेरुसलेमची शिकवण पाहावी. संत सिरिलच्या नावाने चालत आलेल्या प्रवचनांत नवदीक्षितांना सांगितले आहे की उजव्या हाताखाली डावा हात धरावा, जणू राजासाठी आसन मांडले आहे. आणि एक कणही पडू देऊ नये, सोन्याचा कण हातात असता तर जपला असता त्याहून अधिक जपावा. जिभेवर ओस्ती घेण्याची रीत पश्चिमेत पुढच्या काही शतकांत रुळली. धर्मगुरूने ओस्ती डोक्यावर उंच धरून लोकांना दाखवण्याची प्रथा तेराव्या शतकाच्या आसपासची. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर १५७० मध्ये पोप पाचव्या पायसने मिस्साग्रंथ एकसारखा केला, पण दोनशे वर्षांहून जुन्या स्थानिक परंपरांना त्याने हात लावला नाही.

एवढ्या बदलांतून एक गोष्ट टिकून राहिली. बदल ख्रिस्तसभेने केला, एकट्यादुकट्याने नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा उपासनेविषयीचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ रोजी जाहीर झाला. त्याच्या बाजूने २१४७ मते पडली आणि विरोधात फक्त ४. त्याने मातृभाषेचे दार उघडले. वसईच्या किनाऱ्यावर सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले तेव्हापासून जी मिस्सा लॅटिनमध्ये चालली होती, ती मराठीत सुरू झाली. ज्या पिढीने हा बदल पाहिला तिच्यासाठी तो किती मोठा होता, याची कल्पना आज मराठीत प्रार्थना करत वाढलेल्या मुलांना येणार नाही. आयुष्यभर जे शब्द पाठ होते पण उमगत नव्हते, ते एकाएकी घरच्या बोलण्यासारखे झाले. सर्वांनी जाणतेपणाने उपासनेत भाग घ्यावा, हे त्या दस्तऐवजातले वचन सर्वत्र सांगितले गेले. त्याच दस्तऐवजात आणखी एक कलम आहे, ते मात्र फारसे सांगितले जात नाही. कुणीही, अगदी धर्मगुरूनेसुद्धा, स्वतःच्या अधिकारात उपासनेत काही घालू नये, काढू नये, बदलू नये.

या कलमाकडे मी बंधन म्हणून पाहत नाही, संरक्षण म्हणून पाहतो. धर्मगुरूला त्या दिवशी जे सुचेल ते प्रार्थनेत मिसळले, तर समोर बसलेली आजी त्याच्या लहरीची प्रेक्षक होते. नियमाने बांधलेला धर्मगुरू तिला ख्रिस्तसभेची मिस्सा देतो, स्वतःची देत नाही. २००४ साली रोमहून आलेल्या सूचनेत तर हे हक्काच्या भाषेतच सांगितले आहे: नियमांप्रमाणे साजरी झालेली उपासना मिळणे हा श्रद्धावंतांचा अधिकार आहे आणि तसे होत नसेल तर बिशपांकडे, शेवटी रोमकडेही, तक्रार करण्याचा अधिकार प्रत्येक कॅथलिकाला आहे. गुडघे टेकून कम्युनियन घेणाऱ्याला केवळ त्या कारणाने नाकारता येत नाही आणि उभ्याने घेणाऱ्यालाही नाही. जिभेवर घेण्याचा हक्क कायम आहे.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यात रथापुढच्या २७ दिंड्यांचे क्रमांक ठरलेले आहेत आणि भक्तीचा कितीही उमाळा आला तरी कुणी दुसऱ्याच्या जागी जात नाही. मुक्कामाला समाजआरतीच्या वेळी चोपदार हातातला दंड उंचावतो आणि हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते, चोपदार तिथे जाऊन म्हणणे ऐकून घेतात आणि मग आरती होते. शिस्तीतच तक्रारीला जागा ठेवलेली आहे. असे आज्ञापालन भक्ताला लहान करत नाही.

कम्युनियनच्या बाबतीत १९६९ मध्ये जे घडले ते या पुस्तकात विस्ताराने आले आहे, कारण आज्ञा देणाऱ्यांच्या वागणुकीचाही तो नमुना आहे. काही देशांत परवानगीशिवायच हातावर ओस्ती देणे सुरू झाले होते. पोप सहाव्या पॉलने जगभरच्या बिशपांना विचारले. १२३३ बिशपांनी बदलाला नकार दिला, ५६७ जणांनी होकार, ३१५ जणांनी अटी घालून होकार दिला. पोपने जुनी रीत कायम ठेवली, मात्र जिथे नवी रीत आधीच रुजली होती तिथल्या बिशप परिषदांना दोनतृतीयांश मतांनी परवानगी मागण्याची वाट मोकळी ठेवली. त्या वाटेने हातावरचे कम्युनियन पुढे जगभर पसरले. मला हा निर्णय दुबळा वाटतो. आधी नियम मोडा, मग सवलत मागा, असा धडा त्यातून मिळाला आणि त्याची किंमत पुढे अनेक ठिकाणी मोजावी लागली. पण म्हणून हातावर कम्युनियन घेणाऱ्या आजच्या माणसाचा आदर कमी ठरवता येत नाही. त्याला ख्रिस्तसभेने परवानगी दिली आहे, तो आज्ञेतच आहे. २०२० मध्ये साथीच्या काळात अनेक धर्मप्रांतांत बिशपांनी फक्त हातावरच कम्युनियन द्यायला सांगितले. आयुष्यभर जिभेवर घेत आलेल्या कितीतरी वृद्धांनी थरथरते तळवे पुढे केले. त्यांच्या श्रद्धेची उंची मोजायला माझ्याकडे माप नाही.

भारतात हा प्रश्न फार जुना आहे. मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचणारे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचा ग्रंथ १६१६ साली धर्माधिकाऱ्यांच्या परवानग्या घेऊन छापला गेला. त्याच काळात मदुराईत रॉबर्तो दे नोबिली यांनी संन्याशाचा वेष घेतला, शाकाहार धरला, जानवे आणि गंध ही सामाजिक चिन्हे म्हणून चालू द्यावीत असा आग्रह धरला. १६२३ मध्ये पोप पंधराव्या ग्रेगरीने त्यांना मान्यता दिली. पण वाद शमला नाही. १७०४ मध्ये रोमचे प्रतिनिधी तूर्नों यांनी यांतल्या अनेक प्रथांवर बंदी घातली आणि १७४४ मध्ये चौदाव्या बेनेडिक्टने ती पक्की केली. पुढे भारतात येणाऱ्या मिशनऱ्यांना ती पाळण्याची शपथ घ्यावी लागे. ती शपथ १९४० मध्ये रद्द झाली. म्हणजे जवळपास दोन शतके धर्मगुरूंनी अशी आज्ञा पाळली जिच्यातला मोठा भाग पुढे ख्रिस्तसभेनेच सोडून दिला. त्यांचे आज्ञापालन वाया गेले का? या प्रश्नाला सोपे उत्तर नाही. एक तपशील मात्र विसरू नये. तूर्नों यांच्या आज्ञेत हेही होते की अस्पृश्य मानलेल्या आजारी ख्रिस्ती माणसाच्या घरात जाऊन संस्कार देण्यास मिशनऱ्यांनी नकार देऊ नये. स्थानिक संस्कृतीचा मान राखता राखता जातीचा विटाळही वेदीपर्यंत आला होता, आणि तिथे रोमची कठोर आज्ञा ख्रिस्ताच्या अधिक जवळची होती.

२५ एप्रिल १९६९ रोजी रोमने भारतीय बिशपांचे बारा प्रस्ताव मान्य केले. जमिनीवर बसणे, पादत्राणे बाहेर ठेवणे, गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून खोल वाकणे, पश्चात्तापविधीत पंचांग प्रणाम, वेदीच्या वस्तूंचे चुंबन घेण्याऐवजी त्यांना स्पर्श करून हात कपाळाला लावणे, मेणबत्त्यांच्या जागी तेलाचे दिवे, शांती देताना नमस्कार, फुले-धूप-दीपाची आरती. काही कॅथलिकांनी याला कडाडून विरोध केला, आपली उपासना हिंदू होते आहे अशी त्यांना भीती वाटली. मी त्या भीतीची थट्टा करणार नाही. परंपरा हरवण्याची भीती ही प्रेमातूनच येते. पण विरोध करणाऱ्यांपैकी जे स्वतःला आज्ञांकित कॅथलिक म्हणवत होते, त्यांच्यापुढे रोमचीच मान्यता होती. आणि पंचांग प्रणाम करून जमिनीला कपाळ टेकवणाऱ्या माणसात आदर कमी आहे, असे या भूमीत जन्मलेला कोण म्हणेल? त्याचबरोबर, ज्या उत्साही मंडळींनी बारा प्रस्तावांच्या पलीकडे जाऊन स्वतःच्या प्रार्थना रचल्या आणि स्वतःचे विधी घडवले, त्यांनी या चांगल्या कामाचे नुकसान केले. मिळालेल्या परवानगीवरचा विश्वास त्यांच्यामुळे डळमळला.

अलीकडच्या काळात या प्रश्नाने सर्वांत खोल जखम केली ती केरळात. भारतात कॅथलिकांच्या तीन परंपरा नांदतात: लॅटिन, सिरो-मलबार आणि सिरो-मलंकारा. महाराष्ट्रातही सिरो-मलबार श्रद्धावंत आहेत, त्यांच्यासाठी १९८८ मध्ये कल्याण धर्मप्रांत स्थापन झाला. या परंपरेत मिस्साला कुर्बाना म्हणतात. व्हॅटिकन परिषदेनंतर एर्नाकुलम-अंगमालीच्या भागात धर्मगुरू लोकांकडे तोंड करून कुर्बाना अर्पण करू लागले, तर इतर काही धर्मप्रांतांनी वेदीकडे तोंड करण्याची प्राचीन रीत राखली. १९९९ मध्ये सिनॉडने, म्हणजे या परंपरेच्या बिशपांच्या सभेने, मधला मार्ग काढला: शब्दविधी लोकांकडे तोंड करून, अर्पणाचा मुख्य भाग वेदीकडे तोंड करून, कम्युनियननंतरचा भाग पुन्हा लोकांकडे. तो सगळीकडे लागू झाला नाही. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी पत्र लिहून एकोप्याची विनंती केली आणि सिनॉडने नोव्हेंबरपासून अंमलबजावणी ठरवली. एर्नाकुलममध्ये धर्मगुरू आणि लोक मोठ्या संख्येने विरोधात उभे राहिले. डिसेंबर २०२२ मध्ये, नाताळ तोंडावर आलेला असताना, कोचीच्या सेंट मेरीज बॅसिलिकात दोन्ही गट एकाच वेळी वेदीशी कुर्बाना अर्पण करू लागले. धक्काबुक्की झाली, पोलीस आत आले, बॅसिलिका बंद करावी लागली. पुढच्या डिसेंबरात पोपनी चित्रफितीतून कळवळून आवाहन केले. २०२५ च्या जुलैपासून तडजोड झाली: रविवारी आणि सक्तीच्या सणांना प्रत्येक चर्चमध्ये निदान एक कुर्बाना सिनॉडने ठरवलेल्या रीतीने व्हावी.

दोन्ही बाजूंची माणसे वेदीवर प्रेम करणारी होती, म्हणूनच हे अधिक दुखते. एका बाजूला पूर्वजांची परंपरा होती, दुसऱ्या बाजूला जवळपास पन्नास वर्षांची सवय, आणि ती सवय त्या वेळच्या बिशपांच्या संमतीनेच लागलेली होती. माझे मत स्पष्ट आहे. सिनॉडचा निर्णय पाळायला हवा होता. वेदीशी ओढाताण करून कुठलाही आदर सिद्ध होत नाही. पण ज्यांनी वीस वर्षे निर्णय कागदावर ठेवला आणि मग अचानक तारीख जाहीर केली, त्यांनी आज्ञापालन अवघड करून ठेवले, हेही तितकेच खरे. आज्ञा देणाऱ्याने आधी ऐकायचे असते.

उलट टोकाचे उदाहरण युरोपातले आहे. जुन्या लॅटिन मिस्सासाठी झगडणारे आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांनी ३० जून १९८८ रोजी स्वित्झर्लंडमधल्या एकोन येथे पोपची परवानगी नसताना चार बिशपांना दीक्षा दिली आणि ते बहिष्कृत झाले. जुन्या मिस्साचे सौंदर्य मला मान्य आहे. तिच्यातली शांतता, धर्मगुरूचे मोजके हातवारे, गुडघ्यांवरची प्रदीर्घ निःशब्दता यांपुढे आपल्या पुष्कळ रविवारच्या मिस्सा उथळ वाटतात. सोळाव्या बेनेडिक्टने २००७ मध्ये तिला मोकळीक दिली, फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये ती आवळून बिशपांच्या परवानगीवर सोपवली. ज्यांनी मनातले दुःख गिळून हा निर्णय पाळला, त्यांच्याविषयी मला फार आदर आहे. लफेव्र यांची वाट मात्र मला पटत नाही. पोपच्या आज्ञेबाहेर वाचवलेली मिस्सा ज्या एकतेची खूण असते, तीच एकता तिने तोडलेली असते.

आज्ञापालन हा शब्द उच्चारताना एक गोष्ट मी टाळू शकत नाही. याच शब्दाच्या आडून ख्रिस्तसभेत पीडितांची तोंडे बंद केली गेली, मुलांवरचे अत्याचार लपवले गेले. त्यामुळे ज्यांना हा शब्दच नकोसा झाला आहे त्यांची वेदना खरी आहे. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी असे प्रकार कळवणे धर्मगुरूंवर आणि व्रतस्थांवर बंधनकारक केले. हे पुस्तक ज्या आज्ञापालनाविषयी आहे ते धर्मगुरूला सर्वांत आधी बांधते. वेदीशी त्याला स्वतःचे काही नाही, शब्द नाहीत, वस्त्रांची निवड नाही, वेळेवर मालकी नाही. असिसीच्या संत फ्रान्सिसने मळके प्याले आणि घाणेरडी वेदीवस्त्रे ठेवणाऱ्या धर्मगुरूंना परखड पत्र लिहिले, आणि त्याच फ्रान्सिसने १२२६ च्या आपल्या मृत्युपत्रात सांगितले की धर्मगुरूंनी माझा छळ केला तरी मी त्यांच्याकडेच येईन, कारण ख्रिस्ताचे शरीर त्यांच्या हातून मिळते. चूक दाखवणे आणि निष्ठा राखणे ही दोन्ही कामे त्याने एकाच आयुष्यात केली. आदर्श म्हणून मला तो पुरेसा आहे.

पुढील प्रकरणांत मिस्साचा क्रम सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेतला आहे. प्रत्येक टप्प्यावर शरीराने काय करायचे, ते केव्हापासून आले आणि त्यामागे काय मानले जाते हे सांगितले आहे. सिरो-मलबार कुर्बानाला स्वतंत्र प्रकरण दिले आहे. इतर धर्मांच्या वाचकांना एखाद्या ख्रिस्ती मित्राच्या लग्नाला किंवा अंत्यविधीला गेल्यावर गोंधळ होतो, त्यांच्यासाठी शेवटचे प्रकरण आहे: सर्वांबरोबर उभे राहा आणि बसा, कम्युनियनच्या रांगेत जाऊ नका, एवढे पुरे आहे. कॅथलिक वाचकांना एकच विनंती. इथल्या सूचना भारतात आज चालू असलेल्या नियमांना धरून लिहिल्या आहेत, तरी तुमच्या धर्मप्रांतात बिशपांनी काही वेगळे ठरवले असेल, तर पुस्तक बाजूला ठेवून तेच पाळावे.